लाडक्या पात्रांची पुनर्भेट: दीर्घ विज्ञानकादंबरी-मालिकांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमध्ये विज्ञानकथा वाचणाऱ्या आणि लिहू पाहणाऱ्यांसाठी हे पान आहे. चार-सहा खंडांच्या मालिकेत ताटातूट झालेली पात्रं पुन्हा भेटतात, तो प्रसंग कसा रचायचा आणि वाचताना काय पाहायचं, याबद्दल तेच तेच प्रश्न येत राहतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. आयझॅक असिमोव्हच्या यंत्रमानव आणि फाउंडेशन मालिका, आर्थर क्लार्कची '२००१'पासूनची चार पुस्तकं आणि 'ड्यून' यांतल्या काही गोष्टी पुढे उघड होतात. ती पुस्तकं अजून वाचायची असतील तर आधी ती वाचा.

पुनर्भेट नेमकी कशाला म्हणायचं? जुनं पात्र परत आलं की झाली का पुनर्भेट?

तेवढ्याने होत नाही. तीन गोष्टी लागतात. त्या दोघांना वाचकाने पूर्वी एकत्र पाहिलेलं असावं. त्यांची ताटातूट पानावर घडलेली असावी, 'मधल्या काळात ते दुरावले' अशा एका ओळीत उरकलेली नसावी. आणि मधल्या काळात निदान एकात तरी असा बदल झालेला असावा, की जुनं नातं होतं तिथून पुढे सुरू करता येणार नाही. तिसरी गोष्ट नसली तर ती फक्त हजेरी. वाचक दोन पानं खूश होतो, पण खंड मिटल्यावर त्याला तो प्रसंग आठवत नाही.

वाचकाला इतकं भरून का येतं?

कारण मालिकेत दोन घड्याळं चालू असतात, एक पात्रांचं आणि एक वाचकाचं. या पानावरच्या बहुतेक उत्तरांचं मूळ इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर.

असिमोव्हचा गुप्तहेर एलिजा बेली आणि त्याचा यंत्रमानव जोडीदार डॅनील ऑलिव्हॉ १९५४च्या 'द केव्ह्ज ऑफ स्टील'मध्ये पहिल्यांदा एकत्र आले, १९५७च्या 'द नेकेड सन'मध्ये पुन्हा भेटले. पुढची कादंबरी, 'द रोबोट्स ऑफ डॉन', आली १९८३मध्ये. कथेत दोन-तीनच वर्षं गेली आहेत, वाचकाची मात्र २६. पहिली दोन पुस्तकं कॉलेजात वाचलेला माणूस तिसरं हातात घेताना पन्नाशीकडे झुकलेला होता. त्या भेटीतला निम्मा भार लेखकाने लिहिलेलाच नाही, तो वाचकाने स्वतःच्या आयुष्यातून आणला.

उलटही घडतं. १९८५च्या 'रोबोट्स अँड एम्पायर'मध्ये बेली मरून दीडशेहून अधिक वर्षं झालेली आहेत, वाचकाची मात्र दोनच. आणि १९८६च्या 'फाउंडेशन अँड अर्थ'च्या शेवटी हजारो वर्षांनंतर चंद्रावर डॅनील समोर येतो. तिथे आलेल्या प्रवाशांच्या दृष्टीने ती पहिलीच भेट आहे. पुनर्भेट फक्त वाचकाची होते. म्हणजे वरच्या तीन अटींना हा एक सन्माननीय अपवाद: दोघांपैकी एक जण वाचकच असू शकतो.

लिहिणाऱ्याने प्रत्येक पुनर्भेटीआधी दोन आकडे कागदावर मांडावेत: पात्रांची किती वर्षं गेली आणि वाचकाची किती पानं किंवा वर्षं गेली. दोन्ही आकडे लहान असतील तर भेटीचा गाजावाजा करू नये. पात्रांची शंभर वर्षं आणि वाचकाची वीस पानं असतील, तर ती शंभर वर्षं वाचकाला जाणवून देण्याचं काम आधी करायला हवं.

ताटातूट आणि भेट यांत किती अंतर ठेवावं?

पुस्तकरूपात किमान एक पूर्ण खंड. त्याच खंडात दुरावून त्याच खंडात भेटलेली पात्रं चालतात, पण तो कथानकातला एक टप्पा असतो, मालिकेचा आधारस्तंभ होत नाही. तीन खंडांपेक्षा जास्त अंतर असेल तर मधल्या प्रत्येक खंडात दुरावलेल्या पात्राची एक तरी खूण हवी: कुणी त्याचं नाव चुकीचं घेतलं, त्याचं अर्धवट दुरुस्त केलेलं यंत्र कुणी वापरलं, त्याच्या सवयीचा शब्द तिसऱ्याच्या तोंडी आला. प्रत्येक वेळी दोन-तीन वाक्यं पुरेत. खुणा जास्त झाल्या की वाचक भेटीची तारीख ओळखतो.

प्रकाशवेगाजवळ प्रवास करून आलेल्या पात्राचं वय कसं काढायचं?

सर्वांत जास्त चुका इथे होतात.

प्रकाशाच्या वेगाच्या ५० टक्के वेगाने गेलं तर पृथ्वीवरच्या घड्याळात १५ टक्के जास्त काळ जातो. ८० टक्क्यांना १.६७ पट, ९० टक्क्यांना २.२९ पट, ९९ टक्क्यांना ७.०९ पट. १० टक्के वेगाला मात्र फरक अर्ध्या टक्क्याचा आहे, म्हणजे शंभर वर्षांत सहा महिने. तेवढ्या वेगात 'परत आलो तर सगळे म्हातारे झाले होते' असं होणार नाही. झालेच असतील तर प्रवासीही म्हातारा झालेला असेल.

उदाहरण घेऊ. ३२ वर्षांची आई ६ वर्षांच्या मुलीला नाशिकला ठेवून ११.९ प्रकाशवर्षांवरच्या टाउ सेटीला जाते, तिथे एक वर्ष राहते आणि परत येते. अख्खा प्रवास ९९ टक्के वेगाने धरला तर जाण्यायेण्यात पृथ्वीवर सुमारे २४ वर्षं आणि यानात ३.४ वर्षं जातात. मुक्कामाचं वर्ष धरून परतताना आई ३६ची, मुलगी ३१ची.

पण यान सुटल्या क्षणी ९९ टक्के वेग गाठत नाही. माणसाला सोसेल असं, पृथ्वीवरच्या गुरुत्वाएवढं त्वरण सतत दिलं, अर्ध्या वाटेवर यान उलटं फिरवून तेवढंच मंदन दिलं, तर ९९ टक्के वेग मधोमध क्षणभरच मिळतो. मग एका बाजूचा प्रवास पृथ्वीच्या घड्याळाने १३.७ वर्षांचा आणि यानातल्या घड्याळाने ५.१ वर्षांचा होतो. मुक्काम धरून आई परतते तेव्हा ४३ची असते, मुलगी ३४ची. २६ वर्षांचं अंतर ९वर आलेलं. आई आणि मुलगी यापेक्षा त्या आता थोरली-धाकटी बहिणी दिसतात, आणि प्रसंग त्यावरच उभा राहतो. आधीच्या हिशेबात हेच अंतर ५ वर्षांचं येत होतं.

म्हणून त्वरणाचा हिशेब पहिल्या खंडातच करा. पाचव्या खंडात केला तर तोवर मुलीचा वाढदिवस, तिचं लग्न, तिच्या नोकरीचं वर्ष छापून झालेलं असतं.

कालगणनेसाठी सिंहस्थ वापरता येईल का?

येईल, आणि नाशिकच्या वाचकाला तो लगेच कळेल. गुरू सिंह राशीत आला की सिंहस्थ. पण गुरूची प्रदक्षिणा १२ नव्हे, ११.८६ वर्षांची आहे. 'सातव्या सिंहस्थाला रामकुंडावर भेटू' असा शब्द दिला तर भेट ८४ नाही, ८३ वर्षांनी येते. वरच्या उदाहरणातली आई २०२७च्या सिंहस्थानंतर निघाली तर २०५५-५६च्या सुमारास परतेल, म्हणजे मधे दोन सिंहस्थ होऊन गेलेले असतील. मुलीच्या आठवणी त्या दोन सिंहस्थांना बांधल्या तर वर्षांचे आकडे पुन्हा पुन्हा सांगावे लागत नाहीत.

कोणता तारा निवडावा? नाशिकहून दिसणारा असावा का?

मागे राहिलेलं पात्र आकाशाकडे पाहणार असेल तर दिसणाराच हवा. प्रॉक्झिमा सेंटॉरी सर्वांत जवळचा, ४.२४ प्रकाशवर्षांवर, पण नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. त्याच्या शेजारचा ठळक तारा, नरतुरंगातला मित्र, दिसतो. तरी नाशिक साधारण २० उत्तर अक्षांशावर असल्याने तो दक्षिण क्षितिजावर जेमतेम ९ अंश वर येतो. इमारती आणि धुरकट हवा यांतून तो सापडायला शहराबाहेर उघड्या माळावर, मे-जूनच्या रात्री जावं लागेल. टाउ सेटी मंद आहे, ३.५ प्रतीचा, पण डिसेंबरात रात्री नऊच्या सुमारास दक्षिणेला सुमारे ५४ अंश उंचीवर असतो. अंधाऱ्या गच्चीवरून दिसतो. पावसाळ्यात यातलं काहीही दिसत नाही. जुलैच्या रात्री पात्राला तारा दाखवू नका.

अनेक महिने अंतराळात राहून आलेलं पात्र धावत येऊन मिठी मारू शकतं का?

नाही. वजनरहित अवस्थेत शरीराचा भार पेलणारी हाडं महिन्याला साधारण १ ते १.५ टक्के घनता गमावतात. स्नायू रोडावतात, कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा गोंधळते. उतरल्यावर सुरुवातीला उभं राहणंच अवघड असतं, चक्कर येते, मळमळतं. सुनीता विल्यम्स आठेक दिवसांच्या मोहिमेवर जाऊन २८६ दिवसांनी, मार्च २०२५मध्ये परतल्या, तेव्हा त्यांना स्ट्रेचरवरून नेलं गेलं. लांब मोहिमेनंतरची ती नेहमीची पद्धत आहे. शिवाय वजनरहित अवस्थेत पाठीचा कणा लांबतो, उंची काही सेंटिमीटर वाढते आणि गुरुत्वात आल्यावर परत पूर्ववत होते.

हे सगळं प्रसंगाला उपयोगी आहे. धावणारं पात्र घरचं असू द्या, आलेलं पात्र बसलेलं असू द्या. मिठीत शिरताना त्याने तोल सांभाळायला खांदा धरला, हे एकच वाक्य पन्नास विशेषणांचं काम करतं. यानात फिरत्या चाकाचं कृत्रिम गुरुत्व असेल किंवा वरच्यासारखं सततचं त्वरण असेल, तर मात्र हा त्रास दाखवू नका. मागच्या खंडात यानाची रचना काय दिली आहे, ते आधी पाहा.

दोन यानं जोडली गेली आणि दार उघडलं, असं एका वाक्यात लिहिलं तर चालेल?

लिहिता येतं, पण हाती आलेला उत्तम ताण वाया जातो. यानं जोडल्यावर जोडावर गळती नाही ना हे तपासतात, दोन्हीकडचा हवेचा दाब सारखा करतात, मग झडप उघडतात. त्याला तासभर ते काही तास लागतात. १७ जुलै १९७५ला अमेरिकेचं अपोलो आणि सोव्हिएत संघाचं सोयूझ ही यानं जोडली गेली, त्यानंतर सुमारे तीन तासांनी त्यांचे प्रमुख अंतराळवीर स्टॅफर्ड आणि लिओनॉव्ह यांनी हस्तांदोलन केलं. तीन तास माणूस धातूच्या एका दारापलीकडे आहे आणि भेटता येत नाही. एवढं तयार साहित्य दुसरीकडे कुठे मिळणार?

विलगीकरणही असंच. अपोलो ११चे अंतराळवीर चंद्रावरून आले आणि तीन आठवडे बंदिस्त राहिले. घरच्यांशी बोलणं काचेपलीकडून. परग्रहावरून परतलेल्या पात्राला असा काळ न देता थेट घरी पाठवलं, तर जाणकार वाचक तिथेच अडतो.

प्रत्यक्ष न भेटता संदेशावरून पुनर्भेट दाखवायची आहे. काय सांभाळावं?

उत्तर यायला लागणारा वेळ. चंद्रापर्यंत संदेश १.३ सेकंदांत पोचतो, मंगळाला अंतरानुसार ३ ते २२ मिनिटं, गुरूला सुमारे ३३ ते ५४ मिनिटं. ही एकेरी वाट आहे, उत्तराला दुप्पट. चंद्राशी गप्पा होतात, जरा अडखळत. मंगळाशी गप्पा होत नाहीत, पत्रव्यवहार होतो. दर २६ महिन्यांनी मंगळ सूर्यामागे जातो तेव्हा सुमारे दोन आठवडे संपर्क जवळपास बंद ठेवावा लागतो.

चांगली युक्ती अशी की दोघांचे संदेश वाटेत एकमेकांना ओलांडू द्या. दोघांनी एकाच वेळी तोच प्रश्न विचारलेला असतो आणि दोघांनाही उत्तर न मिळता प्रश्नच मिळतो.

ओळख पटवायची कशी? चेहरा, आवाज, जनुकं सगळ्याचीच नक्कल होऊ शकते.

आपल्याकडे या प्रश्नाला मोठी परंपरा आहे. शकुंतलेची अंगठी आहे. हनुमानाने सीतेला दिलेली मुद्रिका आहे. कुंभमेळ्यात हरवलेले भाऊ हातावरच्या गोंदणावरून किंवा लहानपणच्या गाण्यावरून भेटतात ते हिंदी सिनेमात इतक्या वेळा झालं, की नाशिकच्या वाचकापुढे ती खूण ठेवणं अवघड आहे.

विज्ञानकादंबरीत वस्तू आणि शरीर दोन्ही बाद होतात, कारण प्रतिरूप बनवता येतं. साठवलेली आठवणही बाद होते. उरते ती नोंद न झालेली गोष्ट. त्यातही सर्वांत भरवशाची म्हणजे चुकीची आठवण. दोघांच्या आयुष्यातला एक प्रसंग दुसऱ्या खंडात घडतो. पहिला तो एका तऱ्हेने लक्षात ठेवतो, दुसरी वेगळ्या तऱ्हेने, आणि त्यावरून त्यांचं तिथेच भांडण होतं. नोंदींवरून घडवलेलं प्रतिरूप बरोबर उत्तर देईल. खरा माणूस आपलं जुनं चुकीचं उत्तर ठासून देईल. वाचकाने ते भांडण वाचलेलं असल्यामुळे पात्राच्या आधी त्याला ओळख पटते.

अट एकच: ते भांडण किमान एक खंड आधी, दुसऱ्याच कारणासाठी आल्यासारखं यायला हवं. ओळख पटवायच्या आदल्या प्रकरणात पेरलेली खूण म्हणजे उघडी शिवण.

ओळख एकतर्फी ठेवण्याचाही विचार करा. भवभूतीच्या 'उत्तररामचरित'चा तिसरा अंक पंचवटीच्या परिसरातच घडतो. सीतात्यागानंतर बारा वर्षांनी राम तिथे येतो. भागीरथीच्या वरामुळे सीता कुणाला दिसत नाही. ती जवळ उभी राहून त्याचा शोक पाहते, तो मूर्च्छित झाल्यावर तिच्या स्पर्शाने सावध होतो, स्पर्श ओळखतो, पण समोर कुणी नाही. पुनर्भेट झाली आहे आणि झालेलीही नाही. खरी भेट त्यानंतर चार अंकांनी, सातव्या अंकात होते. मालिकेच्या मधल्या खंडात नेमकं असंच काही हवं असतं: एकाला कळलं, दुसऱ्याला नाही. अदृश्यतेच्या जागी उपग्रहाचा कॅमेरा, बंद शीतनिद्रा-पेटी किंवा परकं शरीर घ्या, रचना तीच राहते. दीर्घ मालिका लिहिणाऱ्याने हा अंक एकदा तरी सावकाश वाचावा.

वयं उलटीपालटी झाल्यावर एकमेकांना हाक काय मारायची?

नात्याची हाक बदलत नाही. दादा २८व्या वर्षी गेला आणि ३१चा होऊन परतला, धाकटा आता ५२चा आहे. तरी धाकटा 'दादा'च म्हणेल आणि 'तू'च म्हणेल. अडखळेल ती धाकट्याची बायको. ती ४८ची आहे, समोरचा तिच्या मुलाच्या वयाचा, आणि नात्याने थोरला दीर. 'अहो भाऊजी' म्हणताना ती एकदा थांबेल. तो एकच थांबा लिहा. दर संवादात तो आला की वाचकाला गंमत वाटू लागते आणि प्रसंग हातचा जातो.

घर सोडताना जे पात्र एखाद्याला 'तुम्ही' म्हणत होतं, ते परतल्यावर 'तू'वर आलं तर त्यामागे कारण असायला हवं. म्हणून ही नोंद वहीत हवीच (वहीबद्दल पुढे).

मेलेलं पात्र परत आणावं का?

आणता येतं. 'ड्यून'मध्ये मेलेला डंकन आयडाहो १९६९च्या दुसऱ्या पुस्तकात त्याच्याच पेशींपासून घडवलेला होऊन परततो, आणि त्याला पूर्वीचं काही आठवत नाही. क्लार्कच्या '२००१'मध्ये, १९६८ साली, मेलेला फ्रँक पूल १९९७च्या '३००१'मध्ये हजार वर्षं गोठलेल्या अवस्थेतून जिवंत केला जातो. त्याच्या ओळखीच्या जगातलं कुणी उरलेलं नाही.

दोन्हीकडे किंमत आहे. एकाची आठवण गेली, दुसऱ्याचं जग गेलं. किंमत नसेल तर मालिकेतल्या पुढच्या प्रत्येक मृत्यूचा भार उतरतो, कारण वाचक परत येण्याची वाट पाहत बसतो. एका मालिकेत असं एकदाच करावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. आणि परत आणण्याचं तंत्र त्या खंडात पहिल्यांदाच येता कामा नये. एखाद्या किरकोळ पात्रावर किंवा प्राण्यावर ते आधी वापरलेलं दिसू द्या.

प्रसंग किती लांब असावा? दोघांनी किती बोलावं?

मुख्य भेटीला १२०० ते १८०० शब्द. साधारण पहिला चतुर्थांश भेटण्याआधीचा: वाट, दार, गर्दी, उशीर. मग नजरानजर, ती पाच ओळींत. त्यानंतरचं बोलणं बाजूच्या गोष्टींवर चालू द्या. जेवलास का, हा हात कशाने भाजला, इथली वीज किती वाजता जाते.

सर्वांत मोठी चूक म्हणजे 'मधल्या काळात काय झालं' हे दोघांनी एकमेकांना सांगत बसणं. वाचकाने ते तीन खंडांत वाचलेलं असतं. सांगायचंच असेल तर पहिल्या भेटीत प्रत्येकी एकच गोष्ट सांगू द्या, आणि ती सर्वांत महत्त्वाची नसावी. महत्त्वाची गोष्ट लपवलेली राहिली की पुढच्या प्रकरणाला कारण मिळतं. अश्रू आलेच तर एकाचेच, आणि शेवटाकडे.

भेट होताच हल्ला, स्फोट किंवा मृत्यू घडवून प्रसंग तोडू नका. वाचकाने दोन-चार वर्षं वाट पाहिलेली असते. त्याला ती पानं पूर्ण मिळाली पाहिजेत.

शेवटच्या खंडात सगळ्यांना एकत्र आणावं का?

शक्यतो नको. दहा पात्रं एका खोलीत आली की ४५ जोड्या होतात आणि प्रत्येक जोडीचं काही तरी बाकी असतं. एकही नीट होत नाही. दोन भेटी आधीच्या खंडात उरका, एक भेट होऊच देऊ नका, आणि शेवटच्या खंडासाठी एक मुख्य आणि फार तर दोन छोट्या ठेवा.

वहीत काय काय नोंदवायचं?

प्रत्येक पात्राला एक पान असतंच. पुनर्भेटीसाठी प्रत्येक जोडीलाही एक पान हवं. त्यावर: शेवटची भेट कोणत्या खंडात, कोणत्या पानावर, एकमेकांना बोललेलं शेवटचं वाक्य जसंच्या तसं, कोण कुणाचं काय देणं लागतो, कुणी कुणाशी काय खोटं बोललं, दोघांची वयं दोन्ही घड्याळांनी, एकमेकांना मारायची हाक, जखमा आणि खुणा, डाव्या की उजव्या बाजूला तेही. आणि सर्वांत महत्त्वाचा रकाना: एकाला दुसऱ्याबद्दल आज काय माहीत आहे, आणि ते त्याला कुणाकडून, कधी कळलं.

शेवटचा रकाना रिकामा राहिला तर ठरलेली चूक होते. पात्र समोरच्याच्या आईच्या मृत्यूबद्दल सांत्वन करतं, जे त्याला कळायला मार्गच नव्हता. लेखकाला ठाऊक असतं, वाचकालाही ठाऊक असतं, म्हणून संपादनातही ते सुटतं.

काम मोठं असेल तर ते माणसांत वाटता येतं. जर्मनीतली 'पेरी ऱ्होडान' ही साप्ताहिक मालिका १९६१पासून चालू आहे आणि २०१९मध्ये तिने ३००० अंक ओलांडले. तिथे लेखक बरेच आहेत, पण प्रत्येक अंकाचा आराखडा वेगळा माणूस आधी लिहून देतो. मोजक्या पात्रांना आयुष्य लांबवणारं यंत्र दिलेलं असल्याने तेच चेहरे हजारो वर्षांनी पुन्हा भेटू शकतात.

छापून झालेल्या खंडातली चूक भेटीच्या आड येते आहे. काय करावं?

आधी ठरवा, ती वाचकाच्या लक्षात राहिली असेल का. डोळ्यांचा रंग असेल तर गप्प राहून बरोबर तेच पुढे चालवा. वय किंवा जागा असेल तर प्रस्तावनेत एका ओळीत सांगा. क्लार्कच्या '२००१' कादंबरीत यान शनीकडे जातं, सिनेमात गुरूकडे. १९८२ची '२०१०' लिहिताना त्यांनी गुरू धरला आणि तसं वाचकाला सांगितलं. कथेच्या आत लंगडं कारण देऊ नका. पात्राच्या तोंडून दिलेला खुलासा भेटीच्या मधोमध खिळ्यासारखा टोचतो.

भेटीची जागा नाशिकमध्ये ठेवायची आहे आणि मधे ऐंशी वर्षं जाणार आहेत. कोणती जागा टिकेल?

कातळ टिकेल. पांडवलेणी दोन हजार वर्षांच्या आसपासची आहेत, लेखांसह उभी आहेत. ब्रह्मगिरी, रामशेज आहेतच. पूल, बसचे थांबे, हॉटेलांची नावं, रस्त्यांची नावं यांच्यावर भेट बांधू नका. दुतोंड्या मारुती उत्तम, कारण गोदेला पूर आला की पाणी मारुतीच्या कुठवर आलं हे नाशिककर पिढ्यान्‌पिढ्या पाहत आले आहेत. परतलेल्या पात्राला वर्ष कळलं नाही तरी पाणी कुठवर आलंय ते बोलता येईल. पण ऑगस्टमधल्या भेटीत गंगापूर धरणातून विसर्ग चालू असेल तर त्या जागी उभं राहता येणार नाही, हेही लक्षात असू द्या.

मराठीत अशा दीर्घ मालिका कमी आहेत. दिवाळी अंकांतून मालिका चालवता येईल का?

चालवता येईल. मराठी विज्ञानसाहित्याचा जीव मुख्यतः कथेत आहे. जयंत नारळीकरांची सुरुवातही मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेतल्या कथेने झाली. २०२१च्या नाशिकच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते, तेव्हापासून इथे विज्ञानकथा लिहिण्याबद्दल विचारणा वाढावी अशी इच्छा असणारे आम्ही आहोत.

दिवाळी अंकात वाचकाचं घड्याळ बरोबर एक वर्षाचं असतं आणि मागचा अंक बहुधा रद्दीत गेलेला असतो. म्हणून प्रत्येक कथेत ६० ते ८० शब्दांत ताटातुटीची आठवण करून द्यावी लागते. सारांश म्हणून देऊ नका, एखाद्या वस्तूच्या निमित्ताने द्या. तीन वर्षांपेक्षा लांब भेट ठेवू नका. आणि मालिका एकाच अंकात ठेवण्याचं संपादकांशी आधी बोलून घ्या. दुसऱ्या अंकात गेलेलं पात्र वाचकाला सापडत नाही.

नवा खंड येण्याआधी सगळे जुने खंड पुन्हा वाचावे लागतात का?

नाही. तीन तुकडे पुरतात: ताटातुटीचं प्रकरण, आणि त्यानंतर दोघांपैकी प्रत्येकाचं शेवटचं एकट्याचं प्रकरण. साधारण ६० ते ८० पानं होतात. ग्रंथालयातून मालिका घेत असाल तर नेहमीची अडचण ही की दुसरा खंड बाहेर गेलेला असतो आणि तिसरा कपाटात असतो. सार्वजनिक वाचनालय असो की तुमच्या भागातलं छोटं ग्रंथालय, मधल्या खंडासाठी आधी नाव नोंदवा आणि तो हाती आल्यावरच पुढचा घ्या. क्रम मोडून वाचलेली पुनर्भेट नंतर पुन्हा पहिल्यांदा वाचता येत नाही.

गटात चर्चा करताना काहींनी शेवटपर्यंत वाचलेलं नसतं. मग?

चर्चेआधी खंड आणि प्रकरण ठरवून सगळ्यांना कळवा, 'तिसऱ्या खंडाच्या बाराव्या प्रकरणापर्यंत' इतकं नेमकं. पुढचं वाचलेल्यांनी अंदाज बांधणाऱ्यांना दुजोरा देऊ नये आणि नकारही देऊ नये, हसूही नये. पुढचं बोलायचं असेल तर शेवटची वीस मिनिटं राखून ठेवा आणि न वाचलेल्यांना आधी निघू द्या.